रोजचाच उपवास

"सलाईन लावा डॉक्टर, हिला चक्कर येते."

एकादशीच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात हे वाक्य हमखास ऐकू येतं. पंढरपूर इतकं जवळ, की कुर्डुवाडीत उपवासाचं कुणाला नवल नाही. पण मे महिन्यात लातूरच्या नीटच्या क्लासहून सुट्टीला आलेली एक मुलगी मला खटकली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बाहेर ऊन रणरणतंय आणि हिच्या अंगात स्वेटर. नाडी मिनिटाला ४८. चार महिने पाळी नाही.

"उपवासाला काय खातेस?" मी विचारलं.

"लिंबूपाणी."

एकादशी अन् दुप्पट खाशी, ही आपली रीत. खिचडी, भगर, दाण्याची आमटी यांवर ताव मारणारा माणूस उपवासानं वाळत नाही. ही मात्र सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी असं सगळंच धरत होती. "लई श्रद्धा आहे तिची," आई कौतुकानं म्हणाली. श्रद्धेला माझी हरकत नाही. पण उपवास सोडायचीच भीती वाटत असेल, हाडं दिसत असतानाही आरशात आपण जाडच दिसत असू, तर तो आजार आहे. त्याला ॲनोरेक्सिया म्हणतात.

त्याचं दुसरं भावंड बुलिमिया. ते ओळखणं अवघड, कारण वजन बहुधा ठीकच असतं. भराभर, पोट फुटेस्तोवर खायचं आणि लगेच बाथरूम गाठून उलटी काढायची. बोटांच्या पेरांवर दातांचे व्रण, झिजलेले दात, कानाखाली गालफुगीसारखी सूज अशा खुणा राहतात. रक्तातलं पोटॅशियम घसरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. मुलग्यांनाही हे होतं, फक्त त्यांचा संशय कुणी घेत नाही.

आणि सलाईन? फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम ग्लुकोज किंवा भरपूर जेवण गेलं, तर रक्तातले क्षार झपकन घसरून जिवावर बेतू शकतं. अशा मुलीला आधी तपासण्या, मग बेताबेतानं आहार.

खाण्याच्या विकाराबरोबर चिंता आणि नैराश्य बहुधा असतंच. पण "मला नैराश्य आलंय" असं म्हणत इथे कुणी येत नाही. छातीत धडधड, ॲसिडिटी, अंग दुखतं, पहाटे तीनला जाग येते, करमत नाही असंच सांगतात. इसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन बघावंच. ते ठीक निघालं आणि दोन आठवड्यांहून जास्त कशातच जीव रमत नसेल, तर मनाच्या डॉक्टरांकडे जायला हवं.

सोलापूरच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे, रेल्वेनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. तेही जमत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक चोवीस तास, फुकट आणि मराठीतही आहे. तो १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे.

उपचार म्हणजे नुसत्या गोळ्या नाहीत. बुलिमियासाठी विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी थेरपी साधारण वीस बैठकांची असते. ॲनोरेक्सियात लहान वयाच्या मुलांचं जेवण काही काळ आईवडिलांनीच हातात घ्यायचं असतं, न ओरडता आणि वजनावर टोमणे न मारता. नैराश्याच्या गोळ्यांची सवय लागते हा गैरसमज आहे. मात्र गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून त्या मनानं बंद करायच्या नसतात.

कुणी मरणाची भाषा केली तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं ते डोक्यात भरत नाही. त्या माणसाला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

माझ्याकडे येताना मुलगी घेत असलेल्या गोळ्या आणि वजन कमी करायची पावडर, काय असेल ते पिशवीत घालून आणा. पहिली दहा मिनिटं मी तिच्याशी एकटीशी बोलेन, नर्सताई आत असतील. आईनं तेवढा वेळ बाहेरच्या बाकावर बसायची तयारी ठेवावी.