पहिल्या वर्षाची परीक्षा : एका विज्ञान मालिकेचा धडा



नववीच्या पहिल्या सत्राचे प्रगतिपुस्तक हाती पडले की काही घरांत लगेच निकाल लागतो, 'ह्याला विज्ञान झेपणार नाही.' हा निकाल घाईचा कसा असतो, ते आज आम्ही एका मालिकेच्या उदाहरणाने पाहणार आहोत.

१९८० च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका लागत असे. काही पालकांना ती आठवत असेल. मूळ मालिका १९६६ ते १९६९ अशी तीन वर्षे चालून बंद पडली. पुढे सप्टेंबर १९८७ मध्ये तिचे जनक जीन रॉडेनबरी यांनी ती 'द नेक्स्ट जनरेशन' या नावाने पुन्हा सुरू केली. अंतराळयानाचे नाव 'एंटरप्राइज' हेच ठेवले, माणसे मात्र नवी आणली.

पहिल्या वर्षी २६ भाग झाले. त्यांचा दर्जा सारखा नव्हता. सुरुवातीच्याच एका भागात १९६६ ची जुनी गोष्ट थोडी बदलून पुन्हा सांगितली. 'कोड ऑफ ऑनर' या भागात कृष्णवर्णीय लोकांचे इतके साचेबंद चित्रण झाले की पुढे मालिकेतील कलाकारांनीच त्यावर टीका केली. परंतु त्याच वर्षीच्या 'द बिग गुडबाय' या भागाला पीबॉडी हा मानाचा पुरस्कार मिळाला.

मग सुधारणा कशी झाली? जे चांगले जमले होते ते पुढे नेले गेले. 'डेटा' हे मानवासारखे यंत्र पहिल्या वर्षीच लोकांना आवडले होते. १९८९ मध्ये त्याच्यावर 'द मेजर ऑफ अ मॅन' हा भाग झाला. डेटा ही कुणाची मालमत्ता आहे की स्वतंत्र जीव, याचा त्यात न्यायनिवाडा होतो. तिसऱ्या वर्षी मायकेल पिलर यांच्याकडे लेखनाची सूत्रे आली आणि बाहेरच्या नवोदितांच्या कथाही वाचल्या जाऊ लागल्या. मालिका १९९४ पर्यंत, म्हणजे सात वर्षे चालली.

जुन्या नावामुळे प्रेक्षक येतात, पण टिकतात ते कामामुळे. आपले डॉ. जयंत नारळीकर यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने पाठवली. स्वतःच्या नावाचा प्रभाव पडू नये, हा हेतू होता. कथेला पहिले बक्षीस मिळाले. म्हणून 'तुझी ताई तर पहिली यायची' असे मुलांना ऐकवू नये.

मसाटच्या कारखान्यात नवे मशीन बसले की सुरुवातीला थोडा माल बाद होतो. तेवढ्यावरून कुणी मशीन भंगारात काढत नाही, दोष कुठे आहे तो शोधतात. पालकांनी प्रगतिपुस्तकही असेच वाचावे. एकूण टक्क्यांवर न थांबता कोणता धडा अडला आणि कोणता छान जमला, ते मुलाजवळ बसून पाहावे. विश्वस्त मंडळासही आमची नम्र विनंती आहे की, शाळेचा कोणताही नवा उपक्रम केवळ पहिल्या वर्षाच्या सरासरीवरून बंद करू नये.

विचार करा व लिहा

१. जुनी गोष्ट पुन्हा सांगताना तिच्यात नवे काय असावे?
२. विचार करणारे यंत्र कुणाच्या मालकीचे असू शकते का? तुमचे मत दहा ओळींत लिहा.
३. या सत्रात तुम्हाला सर्वांत चांगला जमलेला धडा कोणता? तो का जमला?