नांग्या वेळेवर भरा : जूनच्या शाळेची घरची तयारी



गळीत हंगाम आटोपला, गाड्यांची वर्दळ थांबली आणि आता सगळ्यांचे डोळे आभाळाकडे लागले आहेत. बी-बियाणे, खते, बांधबंदिस्ती, आडसाली लागणीसाठी रान तयार करणे अशी सारी कामे डोक्यावर आहेत. अशा वेळी आम्ही शाळेवर पाठ लिहायला बसलो, तर काही मंडळी म्हणतील, "यांना आत्ताच बरं सुचलं!" पण आत्ताच सुचायला पाहिजे. विदर्भ सोडला तर आपल्या राज्यातल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, आणि नेमक्या त्याच पंधरवड्यात खरिपाची धांदल असते. शाळेची तयारी म्हणजे वह्या-दप्तराची खरेदी, अशी घरोघर समजूत आहे. ती खरेदी बाजाराच्या दिवशी एका फेरीत उरकते. बाकीची तयारी मात्र राहून जाते. आज त्या बाकीच्या तयारीविषयी बोलू.

ऊस उगवून आला की आपण सरीतून फिरतो आणि नांग्या भरतो. हे काम साधारण महिन्याच्या आत झाले पाहिजे हे कुणाला सांगावे लागत नाही. जाणता शेतकरी लागणीबरोबरच पिशवीत थोडी रोपे करून ठेवतो, म्हणजे नांगीत लावलेले रोप बाकीच्या उसाच्या वयाचे असते. दोन महिन्यांनी लावलेले रोप मरते असे नाही. पण शेजारच्या फुटव्यांच्या सावलीत ते सापडते आणि तोडणीच्या वेळी वजनाला येत नाही.

शाळेचा पहिला पंधरवडा असाच असतो. "पहिल्या आठवड्यात काय शिकवत नाहीत" असे आपण म्हणतो, ते चूक आहे. त्या दिवसांत गुरुजी मागल्या इयत्तेतले कुणाला किती येते ते चाचपतात आणि कच्चे राहिलेले पुन्हा घेतात. म्हणजे नांग्या भरण्याचे दिवस तेच. नेमके त्याच दिवसांत आपले मूल घरी राहते.

आमच्या पाहण्यातले एक घर सांगतो. मुलगी चौथीत गेलेली. जूनमध्ये सोयाबीनची टोकणणी निघाली, मागोमाग भांगलण. धाकटा भाऊ दोन वर्षांचा, त्याला सांभाळायला ही घरी. "चार दिसांचं तर काम हाय" असे म्हणता म्हणता जुलै उजाडला. ती वर्गात गेली तेव्हा भागाकार सुरू झाला होता, आणि तिची हातच्याची वजाबाकीच पक्की नव्हती. वजाबाकी कच्ची असली की भागाकार कसा जमणार? पोर गप्प बसू लागली. विचारायची लाज वाटे. दोन वर्षांनी घरच्यांनीच निकाल दिला की पोरीला डोकं नाही. तिच्या जागी मुलगा असता तर त्याला घरी ठेवला असता का, असे आम्ही तिच्या वडिलांना विचारले. ते खाली बघत राहिले. त्यांच्यावर राग काढण्यात अर्थ नाही, मजुरीचे दर सगळ्यांनाच ठाऊक आहेत. पण गावात अंगणवाडी आहे, घरात म्हातारी माणसे आहेत, भावकीत आळीपाळीने लहान पोरे सांभाळता येतात. टोकणणीला माणसे कोण येणार हे आपण मे महिन्यातच ठरवतो. तान्हे पोर कोण बघणार हेही त्याच बैठकीत ठरवावे.

आता पहिलीत जाणाऱ्या पोरांविषयी. त्यासाठी ३१ डिसेंबरपर्यंत मुलाची सहा वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. काही जण घाई करतात. शेजाऱ्याचे गेले म्हणून आपलेही गेले पाहिजे. हंगामाआधी लागण केली म्हणून टनेज वाढत नाही हे आपल्याला रानात पटते, घरात का पटू नये?

पहिलीच्या मुलाला मुळाक्षरे घोकवून पाठवायची गरज नाही, ते काम शाळेचे. घरी करायचे ते वेगळेच. आपले पूर्ण नाव, आईचे नाव, गाव सांगता यावे. चड्डीचे बटण लावता यावे, डबा उघडता यावा, चप्पल ओळखता यावी. आणि "बाई, लघवीला जाऊ?" हे न भिता म्हणता यावे. हे शेवटचे हसण्यावारी नेऊ नका. किती तरी लेकरे एवढे बोलता न आल्यामुळे दिवसभर अंग चोरून बसतात आणि दुसऱ्या दिवशी शाळेचे नाव काढले की रडतात. अंगणवाडीत नियमाने गेलेल्या मुलाला यातले बरेच येते. २०२२ पासून जिल्हा परिषद शाळांतून 'पहिले पाऊल' या नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे भरू लागले. त्यात मूल किती तयार आहे हे खेळातून बघतात आणि घरी काय करून घ्यायचे ते आईला सांगतात. आपल्या शाळेत असा मेळावा कधी आहे ते विचारावे, आणि फक्त आईने नव्हे, बापानेही जावे. जत्रेला वेळ निघतो, तर याला निघेल.

मे महिन्यात लग्नसराई, जत्रा, त्यात हातात मोबाइल. पोरे बारा-बारा वाजेपर्यंत जागतात. ही झोप एका रात्रीत जागेवर येत नाही. शाळेआधी दोन आठवडे रोज थोडे थोडे लवकर निजवायला लागा.

तब्येतीचेही याच दिवसांत बघून घ्यावे. पाचव्या-सहाव्या वर्षी त्रिगुणीचा बूस्टर असतो, दहाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाचा डोस असतो. उपकेंद्रात दोन्ही फुकट मिळतात. पोर टीव्हीच्या अगदी पुढे जाऊन बसते, हाक मारली तरी ओ देत नाही, फळ्यावरचे चुकीचे उतरवते, तर त्याला 'बेध्यान' म्हणून झोडपण्याआधी डोळे आणि कान तपासा. बैलाच्या डोळ्यातून पाणी आले तर आपण त्याच दिवशी डॉक्टर आणतो!

पैशाचा विषय टाळून चालणार नाही. जूनला खत आणि शाळा एकदमच येऊन पडतात. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा आहे, त्याप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे पैसे मिळायचे असतात. (ते नेहमी तसे मिळतात का, हा वार्षिक सभेचा विषय, इथे नको.) पण बिल आले की सोसायटीची कपात, उधारी, लग्नकार्य यांतच ते जिरते आणि शाळेसाठी पुन्हा हातउसने काढावे लागतात. म्हणून पुढल्या हंगामात पहिले बिल जमा होईल त्याच दिवशी शाळेपुरती रक्कम वेगळ्या खात्यावर टाकावी. आणि खरेदीला जाण्याआधी शाळेत विचारावे. सरकारी व अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पुस्तके मोफत मिळतात. तीच दुकानातून विकत आणलेली आम्ही पाहिली आहेत. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जड नसावे, म्हणजे वीस किलोच्या पोराला दोन किलो, डबा-पाणी धरून. घरच्या काट्यावर तोलून बघा.

कागदपत्रांची धास्तीही उगाच असते. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. जन्माचा दाखला नाही म्हणून किंवा मागल्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचा प्रवेश अडवता येत नाही. कागद मागाहून द्यावा, मूल आधी वर्गात बसवावे. आणखी एक जुना समज काढून टाका, की आठवीपर्यंत नापास करतच नाहीत. राज्याने २०२३ मध्ये नियम बदलला. आता पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा असते, आणि फेरपरीक्षेतही न जमल्यास त्याच वर्गात बसावे लागते.

चौथी-पाचवीच्या पुढल्या मुलांसाठी घरात एक उत्तम पुस्तक पडून आहे, त्याचे नाव काटापावती. समजा पावतीवर भरलेले वजन २४.६५० टन आणि रिकामे ८.४१० टन आहे. निव्वळ किती? १६.२४० टन. दर समजा टनाला ३,००० रुपये, तर ४८,७२० रुपये झाले. त्यातून तोडणी-वाहतूक, कपाती या ओळी मुलाला मोठ्याने वाचू द्या आणि बेरीज करू द्या. मागल्या हंगामाच्या पावत्या मे महिन्यात रोज एक सोडवली तरी दशांशाची भीती जाईल. आमच्या माहितीतल्या एका सातवीच्या पोराने बापाच्या नावावर दुसऱ्याची खेप पडलेली अशीच शोधून काढली. बापाला ती परत करावी लागली, हे खरे! पण त्या दिवसापासून त्या घरी बिल पोराला दाखवल्याशिवाय ठेवत नाहीत.

हे आपल्या मुलांचे झाले. ज्यांच्या कोयत्यावर आपला ऊस कारखान्यापर्यंत येतो, त्यांची पोरे जूनला आपापल्या गावच्या शाळेत बसतात आणि दिवाळीच्या आगेमागे आई-बापांबरोबर गाडीत चढतात. त्यांच्यासाठी वर्ष तिथेच तुटते. कायद्याने त्यांना आपल्या गावच्या शाळेत हंगामाच्या मध्येही प्रवेश मिळतो, तोही वयाप्रमाणे योग्य वर्गात. पण कोपीवर पोर आहे हे शाळेला कळणार कसे? टोळी आपल्या फडात आली की मुकादमाकडून मुलांची नावे आणि इयत्ता एका कागदावर लिहून घ्याव्यात आणि तो कागद त्याच दिवशी मुख्याध्यापकांच्या हातात द्यावा. अर्ध्या तासाचे काम आहे.