नकार पचवण्याचा सराव

काही महिन्यांपूर्वी एक आई पंधरा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तक्रार डोकेदुखीची आणि झोप न लागण्याची. तपासलं तर नजर, रक्तदाब, हिमोग्लोबिन सगळं ठीक. पण तपासणी चालू असताना तिचा फोन सारखा थरथरत होता आणि दर वेळी ती दचकत होती. आईला थोडा वेळ बाहेर बसवलं तेव्हा मुलगी बोलली. एक मित्र आहे. तो सतत लाइव्ह लोकेशन मागतो, इन्स्टाग्रामचा पासवर्ड त्याच्याकडे आहे, उत्तराला उशीर झाला की मध्यरात्रीपर्यंत भांडण चालतं. "पण डॉक्टर, त्याला माझी काळजी वाटते म्हणूनच ना?"

ही काळजी नाही, पाळत आहे, हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. नको असेल तर कसं सांगायचं आणि समोरच्यानं 'नको' म्हटलं तर काय करायचं, याचा धडा मुलांना घरीही मिळत नाही आणि शाळेतही नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून दिलं गेलं, सात दिवसांनी ती गेली. अशा घटनांच्या बातम्यांत 'एकतर्फी प्रेम' हे शब्द आपण इतकी वर्षं वाचतोय की ते खटकतही नाहीत. मला ते खटकतात. त्यात प्रेम नसतं, नकार पचवता न येणं असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ मध्ये दिलेला अंदाज असा: नात्यात असलेल्या किंवा राहिलेल्या किशोरवयीन मुलींपैकी २४ टक्के, म्हणजे जवळजवळ १ कोटी ९० लाख मुली, विशीत येईपर्यंत जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसतात. म्हणून हा आरोग्याचा प्रश्न आहे.

त्या आईचा प्रश्न ठरलेला होता, "मोबाइलच काढून घेऊ का?" मी म्हटलं, नको. एक संध्याकाळ त्याच मोबाइलवर तिच्यासोबत गेम खेळा.

त्याचं कारण सांगते. या वयात भावना जोरात धावतात आणि आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. उपदेश कानावरून जातो. गेममध्ये मात्र निर्णय मुलानंच घ्यायचा असतो, त्याचा परिणाम लगेच दिसतो आणि चुकलं तर मागं जाऊन पुन्हा करता येतं. खऱ्या नात्यात ही सोय नसते.

या विचारामागं एका बापाचं दुःखही आहे. २००६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन इथं जेनिफर अ‍ॅन क्रेसेंटे या अठरा वर्षांच्या मुलीचा तिच्या पूर्वीच्या मित्रानं खून केला. तिचे वडील ड्र्यू क्रेसेंटे यांनी तिच्या नावानं 'जेनिफर अ‍ॅन्स ग्रुप' ही संस्था काढली. २००८ पासून ही संस्था गेम बनवणाऱ्यांची स्पर्धा घेते. विषय किशोरवयीन नात्यांतली हिंसा कशी ओळखावी आणि टाळावी हा, पण गेममध्ये हिंसा वापरायची नाही. तयार झालेले गेम मोफत दिले जातात. आपल्याकडे २०२२ मध्ये 'गो निशा गो' हा १५ ते १९ वर्षांच्या मुलींसाठीचा मोबाइल गेम आला. त्यात निशाच्या वतीनं खेळणारी मुलगी निर्णय घेते, पाळीपासून संमतीपर्यंत.

त्या आईला मी सुचवला तो 'फ्लोरेन्स', मेलबर्नच्या माउंटन्स या स्टुडिओनं २०१८ मध्ये काढलेला. अर्ध्या-पाऊण तासात संपतो आणि त्यात वाचायला फार थोडं आहे. फ्लोरेन्स पंचवीस वर्षांची, तिचा मित्र क्रिश भारतीय वंशाचा चेलोवादक. पहिल्या भेटीत बोलायचं तर संवादाचे पुष्कळ तुकडे जुळवावे लागतात. ओळख वाढते तसे तुकडे कमी होतात. भांडण झालं की त्याच तुकड्यांना टोकं येतात. क्रिश राहायला येतो तेव्हा त्याच्या वस्तूंना जागा करायला तिच्या कुठल्या वस्तू फडताळातून काढायच्या, हे खेळणाऱ्यानं ठरवायचं. शेवटी ते नातं तुटतं. कितीही छान खेळलात तरी ते टिकत नाही. फ्लोरेन्स रडते, सावरते आणि सुटलेल्या चित्रकलेकडे परत जाते. जाणाऱ्याला जाऊ देणं म्हणजे हरणं नव्हे, हे मुलांना इथं स्वतःच्या बोटांनी करून पाहता येतं.

पण नुसता गेम हातात देऊन भागत नाही. अमेरिकेत येल विद्यापीठात ११ ते १४ वर्षांच्या ३३३ मुलांवर 'प्लेफॉरवर्ड' या गेमची चाचणी झाली. लैंगिक आरोग्याबद्दलचं ज्ञान आणि दृष्टिकोन सुधारले. मात्र लैंगिक संबंध कधी सुरू होतात, यात वर्षभरानंतरही फरक दिसला नाही. माहिती गेम देतो. ती वागण्यात उतरायला मोठ्यांची सोबत लागते. शिवाय काही गेम उलटंच शिकवतात. रोज भेटवस्तू द्या, की समोरच्याच्या मनातले बदाम आपोआप वाढत जातात. माणसं अशी नसतात, हे मुलांना मोकळेपणानं सांगा.

म्हणून हे करा. आधी गेम स्वतः खेळून बघा, तो वयाला साजेसा आहे का ते पाहा. मग शेजारी बसा, पण फोन मुलाच्याच हातात राहू द्या. अध्येमध्ये विचारा: तिनं 'नाही' म्हटलं ते त्याला कळलं का? तू असतास तर काय केलं असतंस? मग गप्प बसून ऐका. मुलग्यांसोबत तर हे आवर्जून करा. नकार द्यायला आपण मुलींना थोडंफार शिकवतो, ऐकायला मुलांना जवळजवळ कधीच नाही.

झोप उडणं, फोन वाजताच घाबरणं, मैत्रिणी तुटणं, अंगावरच्या खुणा लपवणं, जिवाचं बरंवाईट करून घेण्याच्या धमक्या देणं किंवा ऐकणं, यातलं काहीही दिसलं तर गेमवर थांबू नका. डॉक्टरांना भेटा. अनेक सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिक असतं. मुलांसाठीची चाइल्डलाइन १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस १४४१६ हे क्रमांक मोफत आहेत.

ती मुलगी दीड महिन्यानं पुन्हा आली. आई सांगत होती, फडताळाचा प्रसंग आला तशी लेक थांबली आणि म्हणाली, "आई, सगळ्या वस्तू हिच्याच का काढायच्या?" त्यावर आई काही बोलली नाही, शेजारी बसून राहिली. त्या रात्री मुलीनं पासवर्ड बदलला. तो मुलगा चिडला, रुसला. डोकेदुखी अजून पूर्ण गेलेली नाही, पण आता झोप लागते, आणि रात्री फोन आईच्या खोलीत असतो. तो तिथं तिनं आपणहून ठेवला आहे.