ब्रेकचा खटका

ठाण्याच्या तीन हात नाक्यावर सकाळी वाहनांची लांबच लांब रांग लागते. पुढची मोटार थांबू लागली की तिच्या पाठीमागचे तांबडे दिवे उजळतात. ते पाहून मागची मोटार वेग कमी करते. तिचे दिवे पाहून तिच्या मागची. एकही शब्द न उच्चारता हा निरोप एका वाहनाकडून दुसऱ्याकडे पोहोचत असतो. कल्याण-शीळ मार्गावर हेच चालते आणि घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या उतारावरही हेच. आषाढात काचेवरून पाण्याचे लोट वाहू लागले म्हणजे तर पुढच्या वाहनाचा आकारही दिसेनासा होतो. दिसतात ते केवळ तांबडे ठिपके.

हे दिवे लावतो कोण? चालक तर त्यांच्या बटणाला हात लावीत नाही. त्याचा पाय ब्रेकच्या पेडलवर पडतो आणि पेडलच्या दांडीजवळ बसविलेला एक लहानसा खटका आपले काम करतो. गॅरेजमध्ये त्याला 'ब्रेक स्विच' म्हणतात. वस्तू अंगठ्याएवढी, मोटारीच्या मालकाने ती बहुधा कधी पाहिलेलीही नसते.

शीतकपाटाचे दार उघडले की आत दिवा लागतो आणि दार मिटले की तो विझतो, हे तुम्ही पाहिले असेल. ब्रेकचा खटका नेमका याच जातीचा. त्याच्या तोंडाशी एक दट्ट्या असतो. पेडल मोकळे असताना त्याची दांडी हा दट्ट्या आत दाबून धरते, त्यामुळे आतील धातूच्या पट्ट्या एकमेकींपासून दूर राहतात. पाय पडला, पेडल खाली गेले, की दट्ट्या स्प्रिंगच्या जोराने बाहेर येतो, पट्ट्या जुळतात आणि वीज वाहू लागते. बॅटरीतून निघालेली वीज आधी फ्यूजमधून, मग खटक्यातून आणि शेवटी मागच्या दिव्यांतून जाते. तेथून परत बॅटरीकडे येण्यास तिला निराळी तार लागत नाही. मोटारीचा पत्राच ते काम करतो. या वाटोळ्या वाटेला विजेचे मंडल अथवा परिपथ म्हणतात. वाट कोठेही तुटली की सारे दिवे काळोखात.

मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची असते. ब्रेकच्या साध्या बल्बची शक्ती बहुधा २१ वॅट असते. २१ ला १२ ने भागले तर एका बल्बमधून पावणेदोन अँपिअर, म्हणजे दोहोंमधून साडेतीन अँपिअर प्रवाह जातो हे कळते. प्रत्येक वेळी पट्ट्या जुळताना आणि सुटताना बारीक ठिणगी उडते. ठाण्यापासून शीळफाट्यापर्यंतच्या गर्दीत चालकाचा पाय ब्रेकवर किती वेळा पडत असेल, ते मोजून पाहावे! अशा हजारो ठिणग्यांनी पट्ट्यांची तोंडे हळूहळू काळवंडतात.

ज्या मोटारीत गिअर आपोआप बदलतात, तिच्यात या खटक्यावर आणखी एक जबाबदारी असते. अशा मोटारीत क्लचचे पेडल नसते. बहुतेकींत गिअरच्या दांड्याला 'पी', 'आर', 'एन', 'डी' अशा जागा असतात. 'पी' म्हणजे पार्क. दांडा तेथे असला की चाके अडकून राहतात. या जागेवर विजेचे एक कुलूप असते. ब्रेक दाबल्याचा निरोप खटक्याने दिला, तरच विद्युतचुंबक ते कुलूप उघडतो आणि दांडा हलतो.

हे कुलूप आले कशासाठी? जर्मनीच्या आउडी कंपनीची '५०००' नावाची मोटार अमेरिकेत विकली जात असे. दांडा 'पी'मधून काढताच मोटार एकाएकी उसळते, ब्रेक दाबूनही थांबत नाही, अशा तक्रारी १९८० नंतरच्या वर्षांत येऊ लागल्या. पुष्कळांनी यंत्राला दोष दिला. कंपनीने १९८७ साली मोटारी परत बोलावून त्यांना हे कुलूप बसविले. अमेरिकी सरकारच्या वाहतूक-सुरक्षा खात्याने सविस्तर चौकशी केली आणि १९८९ साली निष्कर्ष मांडला, तो असा, की अशा बहुतेक अपघातांत चालकाचा पाय ब्रेकऐवजी चुकून दुसऱ्याच पेडलवर पडलेला होता. पाय ब्रेकवर असल्याखेरीज दांडा हलूच दिला नाही, तर ही चूक घडायला जागा उरत नाही. उभ्या मोटारीत खेळणाऱ्या मुलांनी दांडा ओढला आणि मोटार घरंगळली, असेही घडत असे. अमेरिकेत १ सप्टेंबर २०१० पासून 'पी'ची जागा असलेल्या अशा नव्या लहान मोटारींना हे कुलूप कायद्याने सक्तीचे झाले.

आता समजा, डोंबिवलीतील एका इमारतीच्या आवारात अशी एक मोटार उभी आहे. आजीला ठाण्याच्या इस्पितळात न्यायचे आहे. इंजीन सुरू झाले, चालकाने ब्रेक दाबला. पण दांडा 'पी'मधून तसूभरही हलेना. वेळ निघून चाललेली. अशा वेळी कोणीतरी जाणकार पुढे येतो आणि दांड्याशेजारची एक लहान टोपी काढून दाखवितो. तिच्याखाली असलेल्या खाचेत किल्ली घालून दाबले, की कुलूप सुटते. अडचणीच्या वेळी मोटार हलविता यावी म्हणून अनेक मोटारींत ही सोय केलेली असते. दांडा सुटतो, सर्वांना हायसे वाटते आणि मोटार शीळफाट्याच्या वाटेला लागते.

खरा धोका येथूनच सुरू होतो. खटका नादुरुस्त असेल, तर मागचे दिवेही लागत नाहीत. पण ते चालकाला दिसत नाहीत. ते फक्त मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला दिसायला हवे होते! एकाच खटक्याने दोन कामे सोडली आहेत. त्यांपैकी एकाने मोटार अडवून धरली आणि गाऱ्हाणे मांडले. दुसरे मुकाट्याने बिघडले. लोकल गाडीत मोटरमनला एक मूठ सतत दाबून धरावी लागते आणि ती सुटली तर ब्रेक आपोआप लागतात. तेथे बिघाड किंवा चूक झाली तर गाडी थांबते. 'पी'च्या कुलपाची योजना त्याच विचाराची आहे. ब्रेकच्या दिव्याची मात्र तशी नाही, म्हणून अडलेल्या दांड्याचे सांगणे ऐकून घेणे शहाणपणाचे. आजीला रिक्षाने न्यावे आणि मिस्त्रीला बोलवावे.

जाणता मिस्त्री आल्याबरोबर पान्याला हात घालीत नाही. तो घरातल्या मुलालाच मोटारीमागे उभे करतो आणि विचारतो, "बाळा, मी ब्रेक दाबतो, किती दिवे लागले ते सांग." एकच दिवा विझलेला असेल, तर दोष बहुधा त्याच बल्बचा, दांडा अडण्याशी त्याचा सहसा संबंध नसतो. मागचे सगळे दिवे एकदम जाणे निराळे. सारे बल्ब एकाच दिवशी जळणे फार क्वचित घडते, तेव्हा दोष त्यांना फुटलेल्या फाट्याच्या आधीच्या वाटेवर असला पाहिजे. आणि तिन्ही दिवे उत्तम लागत असतील तर? मग खटक्यातील पट्ट्यांची दुसरी जोडी, विद्युतचुंबक किंवा त्याची तार तपासावी लागते. नव्या मोटारींत निरोप संगणकातूनही जातो, तेव्हा तेथेही पाहावे लागते. एका साध्या प्रश्नाच्या उत्तराने अर्धी शोधाशोध वाचली.

मुलगा म्हणतो, "काका, एकही लागत नाही."

मिस्त्री प्रथम फ्यूज काढून उजेडात धरतो. त्यातील बारीक तार अखंड आहे. मग तो पेडलखाली वाकतो आणि टेस्ट लॅम्प काढतो. या हत्याराला एका टोकाला चिमटा, दुसऱ्या टोकाला टोकदार सुई आणि मध्ये लहानसा दिवा असतो. चिमटा पत्र्याला लावून तो सुई खटक्यात येणाऱ्या तारेला टेकवितो. दिवा लागतो, म्हणजे खटक्यापर्यंत वीज येत आहे. आता सुई बाहेर जाणाऱ्या तारेवर आणि मुलाचा पाय ब्रेकवर. दिवा लागत नाही. वीज खटक्यात शिरते, पण बाहेर पडत नाही! तरीही खात्रीसाठी तो खटक्याची जोडणी सोडवून दोन्ही तारा क्षणभर एका तुकड्याने जोडतो. मागचे सारे दिवे उजळतात, आणि पुढची वाट निर्दोष असल्याचे सिद्ध होते. असे जोडून मोटार चालविणे मात्र वेडेपणा होईल. दिवे अखंड जळतील आणि कुलूपही सदैव उघडे राहील.

हाच बिघाड कधी कधी आपोआपही होतो. अनेक मोटारींत दांडीवर दट्ट्यासमोर रबराची एक टिकली असते. ती जुनी होऊन चुरा झाली, की दट्ट्या तेथल्या भोकातून बाहेर येऊन तसाच राहतो. दिवे रात्रभर जळतात, सकाळी बॅटरी उतरलेली असते आणि मालक बिचारा नवी बॅटरी आणायला धावतो. मोटारीच्या तळाशी काळ्या रबराचे चार कण सापडले, तर मिस्त्रीला सारी हकीकत कळते. पावसाचे पाणी मोटारीत शिरले तर जोडण्यांवर हिरवट गंज चढतो, तो तर आणखी फसवा. आज वीज जाऊ देतो आणि उद्या अडवितो. २६ जुलै २००५ च्या महापुरात कल्याण-डोंबिवलीत पाणी शिरले, तसे पाणी मोटारींना फार बाधते.

नवा खटका बसविल्यावर मिस्त्री मोटारीची पाठ भिंतीकडे करतो. ब्रेक दाबताच भिंतीवर तांबडा प्रकाश पडतो. पाय उचलताच नाहीसा होतो. मग इंजीन चालू ठेवून, हँडब्रेक ओढून, तो ब्रेक न दाबता दांडा ओढून पाहतो. दांडा हलत नाही. हलला असता, तर काम अपुरे राहिले असते. आता तो पेडलवर पाय ठेवतो. आतून 'टक्' असा बारीक आवाज येतो आणि दांडा सहज खाली सरकतो.