टाक्यावरचा हर्निया

गर्भाशयाच्या ऑपरेशनचा बेंबीखालचा उभा टाका वर्षभरात फुगू लागला. खोकलं की लिंबाएवढी गाठ वर, आडवं पडलं की गायब. "चार टाके घातले की झालं," म्हणत एका दवाखान्यात ते उरकलंही. शुगर तेव्हा बेताल, खोकला हटत नव्हता. कोणी विचारलं नाही. गाठ परत आली, आधीपेक्षा मोठी.

दुसऱ्या सर्जननी मला निजवून मान उचलायला लावली आणि फुगवट्याच्या कडेनं बोटं फिरवली. मग माझाच हात तिथं ठेवला. कातडीखाली भोकाची कड चक्क लागली! "काकू, तारीख इतक्यात नाही देणार," म्हणाले. राग आला, पण कारण पटलं. विरलेला थर ओढून शिवला की सगळा ताण टाक्यांवर येतो आणि ते हळूहळू तो थरच कापत जातात. जाळी लावली की ताण विभागतो. नेदरलँड्समधल्या २००० सालच्या एका अभ्यासात नुसत्या टाक्यांनंतर तीन वर्षांत ४३ टक्के हर्निया परतले, जाळीनंतर २४ टक्के. म्हणजे जाळीचीही हमी नाहीच. म्हणून आधी शुगर, खोकला, बद्धकोष्ठ, वजन. तंबाखू निदान महिनाभर आधी बंद. आणि बायांनो, मशेरीही तंबाखूच.

मात्र ही थांबण्याची मुभा गाठ आत जातेय तोवरच. ती घट्ट होऊन अडकली, दुखायला लागली, उलट्या सुरू झाल्या किंवा वारा सरेना, तर त्याच घटकेला मोठं हॉस्पिटल गाठा. तेल लावून चोळू नका, दाबून आत ढकलू नका. पट्ट्यानं आधार मिळतो, भोक बुजत नाही.

ऑपरेशननंतर जखमेशी पुन्हा फुगलं तेव्हा घरात रडारड झाली. ते साचलेलं पाणी निघालं. बहुतेकदा आपोआप जिरतं. पण डॉक्टरांना दाखवायचंच, लाली किंवा ताप असेल तर लगेच. खोकताना पोटाशी उशी घट्ट धरायची. सिलिंडर, पाण्याची कळशी आणि (सुनेला आधीच सांगून ठेवा) नातवंडं उचलायची नाहीत, डॉक्टर म्हणतील तोवर.

विम्याचं आधी वाचा: बऱ्याच पॉलिसींत हर्नियासाठी दोन वर्षं थांबावं लागतं. आणि जाळी कोणती, पोटाच्या कुठल्या थरात बसवली, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. पुढं कधी पोट उघडायची वेळ आली, तर तो सर्जन पहिलं हेच विचारेल.