आमरी बांधायची कशाने? दोरीच्या निवडीतून विज्ञानाचा एक पाठ



आमरी, म्हणजेच ऑर्किड, कुंडीतल्या मातीत लावली की बहुतेक वेळा सडते. कारण तिच्या बऱ्याच जाती झाडाच्या सालीवर वाढणाऱ्या आहेत. त्यांना लाकडाच्या ओंडक्यावर किंवा नारळाच्या शेंडीवर बांधावं लागतं. मग प्रश्न येतो, बांधायचं कशाने? प्रश्न साधा दिसतो, पण त्यातून इयत्ता सहावी ते नववीच्या मुलांना मुळं, तंतू, कुजणं आणि झाडाचं अन्नवहन एवढं सगळं शिकवता येतं.

आधी एक गैरसमज दूर करू

झाडावर वाढलेलं दिसलं की आपण सरसकट 'बांडगूळ' म्हणतो. बांडगूळ आपली मुळं यजमान झाडाच्या आत घुसवून पाणी आणि क्षार ओढतं. आमरी तसं करत नाही, ती फक्त बसायला जागा घेते. वांडा टेसेलाटा ही आमरी तर दख्खनच्या कोरड्या भागातही आंबा-बाभळीवर वाढते. म्हणजे आमरी फक्त कोकणातच होते असं नाही. किनवट-माहूरकडे सहल गेली तर मुलांना झाडांच्या खोडांकडे नीट बघायला सांगा. मात्र जंगलातली आमरी काढून आणायची नाही. बांधायला रोपवाटिकेतलंच रोप घ्यायचं.

मूळ काय मागतं?

आमरीच्या मुळावर स्पंजासारखं पांढरट आवरण असतं. पाणी पडलं की ते शोषून घेतं आणि मूळ हिरवं दिसू लागतं. वाळलं की परत पांढरं. हिरवं, चकचकीत टोक म्हणजे मूळ वाढत असल्याची खूण. हे टोक सालीला लागून वाढतं तेव्हाच तिला घट्ट चिकटतं. रोप वाऱ्याने हलत राहिलं तर टोक घासतं, खराब होतं आणि पकड बसतच नाही.

यावरून दोरीची कसोटी ठरते. मूळ पकड घेईपर्यंत दोरीने रोप हलू देऊ नये, आणि पकड बसल्यावर तिने रोपाला काचू नये. लवकर तुटणारी दोरी वाईट, आणि कधीच न तुटणारी पण विसरली गेलेली दोरीही वाईट.

आपल्याकडे मिळणारं साहित्य

- सुती दोरा : मऊ असतो, पण ओलाव्यात सगळ्यात आधी कुजतो. रोज पाणी मारायचं असेल तर एकट्या सुती दोऱ्यावर विसंबू नका.
- सुतळी (ताग) आणि अंबाडीचा वाख : स्वस्त, खरबरीत, घसरत नाहीत. एखादा पावसाळा निभावतात. लवकर मुळं धरणाऱ्या रोपांना चांगले.
- काथ्या : यात लिग्निन भरपूर, म्हणून सुतळीपेक्षा बराच जास्त टिकतो. पण राठ असतो. कोवळ्या खोडाला लागू नये म्हणून खाली नारळाच्या शेंडीचा थर द्या.
- केळीचं सोपट : अर्धापूरच्या केळीबागांमुळे नांदेडकडे सहज मिळतं. भिजवून पट्टी काढली की छान बांधता येतं, पण टिकतं कमी.
- जुन्या लेगिंगच्या किंवा पायमोज्यांच्या पट्ट्या : रुंद आणि ताणल्या जाणाऱ्या, त्यामुळे दाब एकाच जागी येत नाही. पहिल्यांदाच बांधणाऱ्या मुलांना हेच द्या. नंतर कात्रीने कापून काढायच्या.
- तंगूस : दिसत नाही, वर्षानुवर्षं टिकतो. पण बारीक असल्यामुळे खोडात रुततो. वापरलाच तर खाली कापडाची घडी ठेवा आणि काढायची तारीख लिहून ठेवा.
- रबर बँड : आपल्या उन्हात चिरा पडून अचानक तुटतो. नकोच.
- तांब्याची तार : तांब्याचा अंश ओल्या मुळांना विषारी ठरतो. नकोच.
- बांधकामाची तार : गंजते, उन्हात तापते आणि रुतते. तीही नको.

बांधायचं कसं?

१. बाभळीसारखं टिकाऊ, खरबरीत सालीचं लाकूड घ्या. रंग, पॉलिश किंवा कीटकनाशक लावलेलं नको. पेरूसारखी साल सोडणारी फांदीही नको, कारण सालीबरोबर रोपही निघून येतं.
२. नारळाची शेंडी वापरणार असाल तर आधी काही दिवस भिजवा आणि पाणी बदलत राहा.
३. पट्टी जुन्या मुळांवरून आणि खोडाच्या तळाशी घ्या. मुळांची हिरवी टोकं आणि वरचा कोंब मोकळा ठेवा.
४. रोप बोटाने हलवून बघा. रोप हललं तर बांधणी सैल, खोडावर वळ उठला तर फार घट्ट.
५. शक्यतो पावसाळ्याच्या तोंडाला बांधा. हवेत ओलावा असतो तेव्हा मुळं जोमाने निघतात.

आता पाण्याचं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, हे आपण विसरलेलो नाही. ओंडक्यावरचं रोप लवकर सुकतं, त्याला उन्हाळ्यात रोज फवारा लागतो. म्हणून एक-दोनच रोपं ठेवा, तीही सावलीत. बोअरच्या जड पाण्याने मुळांवर पांढरे क्षार साठतात, तेव्हा पावसाचं साठवलेलं पाणी वापरणं उत्तम. एवढं जमणार नसेल तर आमरी न आणता काथ्याच्या खांबावर मनीप्लांट बांधा. पाठ तोच राहतो.

वर्गातला प्रयोग : कोण किती टिकतं?

सुती दोरा, सुतळी, काथ्या, सोपट, लेगिंगची पट्टी आणि तंगूस यांचे सारख्या लांबीचे तुकडे करा. प्रत्येकाचे दोन संच : एक रोज भिजवायचा, एक वर्गात कोरडा ठेवायचा. दर महिन्याला प्रत्येक तुकड्याला एक लिटर पाण्याची भरलेली बाटली टांगा. म्हणजे साधारण एक किलो वजन झालं. तुटला की नाही, रंग आणि वास बदलला का, याची वहीत नोंद करा.

मग विचारा : कोरडा संच कशासाठी ठेवला? ओला तुकडा आधी का तुटला? इथे अंबाडीचा वाख कसा काढतात ते जरूर सांगा. काड्या पाण्यात कुजवतात, सूक्ष्मजीव मऊ भाग खातात आणि तंतू सुटे होतात. तसलेच सूक्ष्मजीव पुढे ओली दोरीही कुजवतात. घरी आजी-आजोबांना वाख काढण्याबद्दल विचारून यायला सांगा. बरीच माहिती मिळेल.

शाळेच्या अंगणात एक फेरी

शेवटी मुलांना घेऊन वृक्षारोपणातली झाडं बघा. काठीला बांधलेली नायलॉनची दोरी, ट्रीगार्डची तार, फलकाची तार यातलं काही खोडात रुतलंय का? पानांनी तयार केलेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जातं. तार रुतली की ती वाट अडते, मुळं उपाशी राहतात आणि भरपूर पाणी घालूनही झाड हळूहळू वाळतं. सैल असलेली दोरी मुलांनी कापावी. खोल रुतलेली तार मोठ्यांनी जपून काढावी आणि आधार लागत असेल तर काथ्या किंवा कापडाची रुंद पट्टी इंग्रजी आठच्या आकारात सैल बांधावी.

किती दोऱ्या कापल्या याची संख्या फळ्यावर लिहा. पुढच्या वर्षी रोपं लावताना दोरी कोणती घ्यायची, हे मग मुलंच तुम्हाला सांगतील.