आईचा विश्वासही लिहा

प्रश्न : मी लहान असताना आई आम्हा भावंडांना घेऊन एका महाराजांच्या आश्रमात राहायला गेली. औषधोपचार नाकारल्यामुळे धाकटा भाऊ तिथेच गेला. आता हे लिहायचे आहे, पण सगळा राग आईवर निघेल अशी भीती वाटते. सुरुवात कुठून करू?

उत्तर : आई तिथे का रमली, तिथून करा. डेबोरा लेटन यांचे ‘सिडक्टिव्ह पॉयझन’ (१९९८) मिळवून वाचा. जिम जोन्सच्या पंथातून, गयानातल्या जोन्सटाउनमधून त्या मे १९७८ मध्ये निसटल्या. कर्करोगाने आजारी असलेली त्यांची आई मात्र मागेच राहिली आणि तिथेच वारली. त्याच नोव्हेंबरात तिथे नऊशेहून अधिक माणसे मेली. पुस्तक यायला २० वर्षे लागली, तेव्हा घाई करू नका. पंथात सुरुवातीला मिळालेला जिव्हाळा लेटन लपवत नाहीत, हे मला फार मोलाचे वाटते. तुम्ही तो वगळलात तर आई नुसती मूर्ख दिसेल, आणि तो तिच्यावर अन्याय होईल.

भाऊ आधी जिवंत दिसू द्या : त्याचे हट्ट, त्याची भांडणे. स्वतः पाहिलेले आणि नंतर कानावर आलेले वेगळे ठेवा. आश्रमातली पत्रे, फोटो, मृत्यूचा दाखला जपा. अब्रुनुकसानी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे, म्हणून छापण्यापूर्वी हस्तलिखित वकिलाला दाखवा. लिहिताना झोप उडू लागली तर वही बाजूला ठेवा आणि समुपदेशकाशी बोला.